दिव्यावरचा हात

मेलेलं पिल्लू टाकायला मैनाला जागा का कमी होती? मागं उकिरडा होता, पलीकडं तलावाचा बांध होता, साऱ्या बोडीटोल्याचं रान मोकळं पडलं होतं. पण नाही! धुकं अजून अंगणातून हललंही नव्हतं, तोवर ती टोपली घेऊन तरातरा आली आणि रीनाच्या ताज्या सारवलेल्या ओट्यावर तिनं ती पालथी केली. पाचसहा पिल्लं. पाय ताठ, चोची उघड्या, अंगावरची पिवळी लव दवात भिजल्यासारखी चिकटलेली.

"घे. तुह्याच पोटात जाऊन राह्यली ना माही पिल्लं? मंग शिजव अन खाय!"

रीना ओट्यावर बसून विळीवर मासोळ्या साफ करत होती. हात तिथंच थांबला. "बाई, सकाळी सकाळी हे काय बोलून राह्यल्या तुमी? मीनं काय केलं?"

"काय केलं ते तुले ठाऊक अन मातामायले ठाऊक," मैना म्हणाली आणि थुंकून गेली. ओट्यावर नाही, पण ओट्याच्या अगदी कडेला.

मैना ही रीनाची मोठी जाऊ. मैनाचा नवरा इस्तारी आणि रीनाचा नवरा भूपेश हे दोघं भाऊ, जातीनं ढिवर, गावच्या जुन्या मालगुजारी तलावात, मामा तलावात, जाळं टाकून पोट भरणारे. सासू गेल्यावर घराचे दोन भाग झाले आणि अंगणाच्या मधोमध बांबूचा तट्टा उभा राहिला. चुली दोन झाल्या, भांडी वाटली, जाळी वाटली, अंगणातल्या चिंचेचीही फांदी-फांदी वाटली. एक मीटर तेवढं वाटता आलं नाही. ते इस्तारीच्या भिंतीवर राहिलं आणि बिल आलं की दोन्ही घरांची तोंडं तट्ट्यावरून एकमेकांना दिसू लागली.

"तुमचा पंखा चालते." "तुमचा टीव्ही चालते." "पंखा थंडीत कोन लावते वं?" असं दर खेपेला. त्यात यंदा मैनानं कोंबड्या पाळायला काढल्या. मंडईचे, म्हणजे गावजत्रांचे दिवस, गावोगाव नाटकं, घरोघरी पाहुणे. तेव्हा कोंबडीला मागणी किती असते ते वडशाच्या बाजारात जाऊन पाहावं. वडशाचा वाजिद मोटरसायकलवर जाळीच्या पेट्या बांधून अंड्यातून नुकती निघालेली पिल्लं विकत फिरतो. मैनानं त्याच्याकडून साठेक घेतली, माहेराहून आणलेले कानातले त्यात घातले. "पयले पंधरा-वीस दिन बलब लगाके रखो, बाई. मा नाई ना इनकी. बलबच मा है," असं वाजिद सांगून गेला. मैनानं पडवीत तट्ट्याचं गोल कुंपण केलं, खाली धानाचा कोंडा पसरला आणि वर शंभरचा पिवळा गोळा टांगला. दिवसरात्र. आता मीटर धावणार नाही तर काय करणार!

भांडणाला कंटाळली ती रीना. बचत गटाच्या बैठकीत तिनं ऐकलं होतं की पंचायतीत जुने बल्ब घेऊन नवे देणार आहेत. ती गटाची बोलकी बाई. चार घरी जाऊन तिनंच सांगितलं, "हे नवे एलईडी लई कमी लाईन खातेत. जुन्या एका गोळ्यात हे आठ-दहा जळतीन. वोल्टेज पडलं तरी इझत नाईत. अन फुटत नाईत, वर्षोनवर्षं चालतेत." बोलली त्यात खोटं काही नव्हतं. मैनाकडंही ती गेली. तेव्हा तर दोघींत चार गोड शब्दही झाले.

"ने बापा, मीटर तं थंड होईन. पिल्लांवरचा बी काढ," मैना म्हणाली.

"काढू?"

"काढ ना. तुहा नवा बलब माह्या आचलनं शाळेत पाह्यला. दुप्पट उजेड आहे म्हणे."

"आहे ना. डोळे दिपतेत."

"मंग ऊब बी दुप्पट लागन लेकरायले."

रीनाला ते पटलं. पटणार नाही तर काय? जन्मभर हेच पाहिलं होतं. चुलीत जाळ मोठा तर ऊब मोठी, कंदिलाची वात वर केली तर काच जास्त तापते, सूर्य डोक्यावर आला की जमीन पोळते. शंभरच्या गोळ्याची आच तर रीनाच्या मनगटावरच होती. जाळं झाडताना हात लागला आणि चामडी सोलून निघाली, तो डाग अजून चकचकत होता. म्हणून तर जळता बल्ब काढायचा असेल तर बोडीटोल्यातली बाई आधी पदर हाताला गुंडाळते, माणूस दुपट्टा गुंडाळतो. रीनानंही पदर गुंडाळून शंभरचा गोळा उतरवला आणि पंचायतीत नेऊन दिला. येताना आणलेला पांढरा बल्ब, तोही पदरानंच लावला.

उजेड पडला तो असा की पिल्लांची एकेक चोच मोजून घ्यावी. दोघी जावा कुंपणाशी उभ्या राहून बघत राहिल्या. पिल्लं चिवचिव करत बल्बाखाली धावली, एकावर एक चढून ढीग करून बसली. "पाह्य वं, कशी गोळा झाली! आवडला त्यायले," मैना म्हणाली.

आणि त्याच आठवड्यात थंडी उतरली. झाडीतली पौषाची थंडी, तलावावरून वारा आला की दात वाजतात. सकाळी ढिगातली खालची पिल्लं चेपून मेलेली आणि कडेची आखडून मेलेली. वाजिदला विचारलं तर तो कानाला हात लावायला लागला, "माझे बच्चे एकदम चंगे होते, बाई. दुसऱ्या गावचे सगळे जिवंत आहेत."

दुसऱ्या गावची जिवंत आणि आपलीच मेली. मग झालं! माणसाचं मन एकदा वाकडं चालायला लागलं की त्याला रस्ता दाखवावा लागत नाही. कुंपणात शेवटी कोणाचा हात लागला? रीनाचा. रीनाच्या घरात लेकरू आहे? नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, कूस रिकामीच. मग दुसरीचं फळफळलं तर पोटात दुखणार नाही? मैनानं हे आधी बोरिंगवर कुजबुजून सांगितलं आणि मग मोठ्यानं.

रीना पाण्याला गेली की बायका आपल्या घागरी अलीकडं ओढू लागल्या. मासोळ्यांची टोपली डोक्यावर घेऊन ती आळीत फिरली, तर इतवारीबाईनं दार अर्धंच उघडलं. ही इतवारीबाई रीनाच्या हातचे झिंगे घेतल्याशिवाय जेवत नसे.

"आज नको वं. सोमवार आहे माहा."

"सोमवार काल झाला, बाई."

"मंग आज बी धरला असन मीनं!" आणि दार लागलं.

टोपली जशी गेली तशी घरी आली. दुपारपर्यंत मासोळीचे डोळे पांढरे पडले, संध्याकाळी रीनानं त्या मिठात घातल्या. नव्या बल्बाच्या उजेडात काटा न् काटा दिसत होता. भूपेश भिंतीला टेकून जाळ्याची तुटकी घरं गाठत होता. पिवळ्या गोळ्याखाली त्याला ती कधी दिसत नव्हती, सकाळची वाट पाहावी लागे. आता दोन खेपांचं काम एका बैठकीत होत होतं. पण घरात एवढा लख्ख उजेड आणि नवराबायकोची तोंडं काळवंडलेली.

बिलही कमी आलं. म्हटलं आता तरी मैना चार शब्द बरे बोलेल. कशाची बोलते! "मीटर बी बांधला हिनं," ती तट्ट्यापलीकडून ओरडली, "फिरता फिरत नाई आता. असं कधी झालं होतं का?" इस्तारी तिच्या मागं उभा होता. बिल खिशात घालताना त्याला करणीची भीती वाटली नाही, हे मात्र विशेष.

मैनाची आचल रोज संध्याकाळी पुस्तक घेऊन तट्ट्याच्या फटीतून काकीकडं यायची. काकी तिला गरम भाताबरोबर तळलेली मासोळी द्यायची. त्या दिवशी ती अर्धी इकडं आली होती, तेवढ्यात मैनानं तिला वेणीला धरून मागं ओढलं. पोरगी कळवळली. मैनानं तिथंच, रीनाच्या डोळ्यांदेखत, मीठ-मिरच्या तिच्यावरून उतरवल्या आणि निखाऱ्यावर टाकल्या. धूर तट्ट्यातून सरळ रीनाच्या घशात गेला. ती खोकली. कोण खोकणार नाही?

"पाह्य! खोकली, पाह्य!" मैना टाळी वाजवून म्हणाली. "जिची नजर तिलेच लागली!"

रीनाला वाटलं, तट्टा मोडून पलीकडं जावं आणि हिच्या तोंडात त्या मिरच्या कोंबाव्यात. ती हुंदका आणि खोकला दोन्ही गिळून आत गेली.

मग इस्तारीनं झिंगू पुजाऱ्याला आणलं. झिंगूनं कुंपणातला कोंडा चिमटीत घेतला, हुंगला, डोळे मिटले. "घरातलंच माणूस आहे," तो म्हणाला. "बाई आहे. दुसऱ्याच्या जिवावर आपली कूस भरायले पाह्यते." त्यानं नाव घेतलं नाही. नाव घ्यायचं काम दुसऱ्यावर सोपवतो तोच खरा हुशार. सांज होईतो नाव आळीभर झालं.

रीना धान निवडत होती, सुपातलं धान सुपातच राहिलं. तिला पलीकडल्या टोलीतली बाई आठवली. तिचंही असंच नाव निघालं होतं. आधी पाणी तोडलं, मग मारलं, मग एक दिवस नवराबायको गाठोडं घेऊन भामरागडाकडं कुठं निघून गेले. त्यांच्या घराच्या भिंती अजून उभ्या आहेत आणि आत गवत वाढलंय. आता आपली पाळी.

भूपेश तलावावरून आला, जाळं खुंटीला अडकवलं आणि पाठ करूनच म्हणाला, "आज मातामायजवळ सगळे जमून राह्यले. मी म्हणतो, माफी मागून टाकू. एक कोंबडा देऊ. मिटन."

"कायची माफी?"

"मिटवायची."

"मीनं केलं काय, ते सांग ना! माफी मांगतली तं केलं असंच होते ना गा!"

"मंग काय करू? भावाच्या विरुद्ध उभा राहू?"

"बायकोच्या विरुद्ध तं मस्त उभा राह्यला!"

भूपेश वाईट माणूस नव्हता. भित्रा होता, आणि अशा वेळी भित्रा माणूस वाईटापेक्षा काही जास्त उपयोगाचा नसतो.

दिवेलागणीला माणसं गावदेवी मातामायच्या दगडापाशी जमली. तिथून पणती उचलून झिंगू पुढं चालला आणि सारा लोंढा इस्तारीच्या अंगणात आला. बोडीटोल्यात खरं-खोटं दिव्यावर ठरतं. जळत्या वातीवर हात धरायचा आणि सांगायचं. पोळला नाही तर खरा. पोळतोच, पण माणूस जितका वेळ धरेल तितका खरा, असं म्हातारे समजूतदारपणे मानायचे. आजचे म्हातारे समजूतदार नव्हते. पोलीस पाटीलही आला होता, मागं उभा राहून बिडी ओढत होता.

"कर नाई तं डर कायची?" मैना कमरेवर हात ठेवून म्हणाली. "ठेव हात! सांग माह्या पिल्लांवर काई केलं नाई म्हणून!"

पडवीत बल्ब जळत होता. त्याच्याखाली उरलेली दहा-बारा पिल्लं एकमेकांच्या पंखांत शिरत होती, चिवचिवत होती. तिकडं कोणाचं लक्ष नव्हतं. रीनानं पणतीकडं पाहिलं, भूपेशकडं पाहिलं. भूपेश जमिनीकडं पाहत होता. आणि तिच्या मस्तकात काहीतरी तडकलं.

"तुह्या पिल्लांचं खरं-खोटं अन मातामायच्या पणतीवर?" ती म्हणाली. मोठ्या जावेला अरेतुरे करायची तिची ही पहिलीच वेळ. "ज्या दिव्याखाली मेली त्याच्यावरच ठेवतो हात. पाह्य!"

तिनं कुंपण ओलांडलं आणि पदर न गुंडाळता, उघड्या पंजानं, जळता बल्ब मुठीत धरला.

बाया किंचाळल्या. रीनानं डोळे घट्ट मिटले, दात आवळले. चामडी सोलेल, मांस जळेल, जळू दे! जुन्या डागाशेजारी आणखी एक. तिनं वाट पाहिली.

काही झालं नाही.

तिनं डोळे उघडले. बोटांच्या फटीतून उजेड बाहेर येत होता, बोटं लालभडक दिसत होती, आणि हाताला काही होत नव्हतं. आच नव्हती. बुडाशी जरासं कोमट, वर तर तलावातल्या दगडासारखं थंड. पोळत काऊन नाही? मी आहे तरी कोण?

"पोळत नाई तिले!" कोणीतरी ओरडलं. "अरे, बलब धरून उभी आहे! पाह्यलं का? मानूस नोहे थे!"

लोंढा मागं सरकला. इस्तारीनं कोपऱ्यातली काठी उचलली. पोलीस पाटलानं बिडी टाकली. झिंगू पणती वर धरून म्हणाला, "सांगतलं होतं ना मीनं!"

रीनाला ते ऐकू आलं आणि नाहीही. तिची नजर खाली गेली होती. तिच्या सावलीत पिल्लं तिच्या पावलांवर चढत होती. पावलांवर! बल्ब सोडून. तिच्या गरम पावलांना बिलगून, पोटं टेकून बसत होती. वाजिदचे शब्द तिच्या कानात आले, बलबच मा है. आणि मग तिला सगळं समजलं, एकदम समजलं.

इस्तारी काठी घेऊन पुढं आला होता. रीना त्याच्याकडं गेलीच नाही. तिनं मैनाचं मनगट धरलं आणि तिला कुंपणात खेचलं.

"सोड! सोड मले, मारली वं मारली!" मैना ओरडली.

"हात लाव!"

"जळलो! जळलो माय!" रीनानं तिचा पंजा बल्बावर दाबला तेव्हा मैना खरंच भाजल्यासारखी किंचाळली. अंगणभर ऐकू गेलं. मग किंचाळणं मधेच तुटलं. तिनं रीनाकडं पाहिलं, बल्बाकडं पाहिलं, आणि हात काढून घेतला नाही.

"थंडा आहे," ती म्हणाली.

"थंडा आहे. थंडीनं मेली तुही पिल्लं," रीना म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. "शंभरचा गोळा मीनं उतरवला, हा मीनं लावला. मारली तं माह्याच हातानं मेली, ते मी मान्य करतो. पण करणी नाई केली मीनं! तूच म्हणली ना, ऊब दुप्पट लागन? दोघींनं मिळून मारली आपण."

मग मागच्या मागं पाय सरकू लागले. इतवारीबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि ती फाटकाकडं निघाली. रीना तिच्या आधी फाटकात जाऊन उभी राहिली.

"थांबा. असं नाई जायचं. बलब धरून उभी होतो तं मानूस नोहे म्हणले ना? मंग सगळ्यायनं धरा. एकेक जन हात लावा अन मंग घरी जा. जो लावणार नाई त्याचं नाव मी उद्या ठाण्यात सांगतो. करणीची बाई म्हणून मारायले आले होते म्हणून सांगतो. कायदा आहे, पाटील भाऊ. आहे ना?"

"आहे," पोलीस पाटील घसा खाकरून म्हणाला.

"तू पयले," रीना भूपेशला म्हणाली.

भूपेश गेला. त्यानं हात लावला आणि मान वर केली नाही. मग इस्तारी, काठी भिंतीला टेकवून. मग बाया. काही जणींनी सवयीनं पदर गुंडाळला. रीना "उघडा हात" एवढंच म्हणाली आणि त्यांनी पदर सोडला. इतवारीबाई बोट लावून पळायला बघत होती, तिला पंजा ठेवायला लावला. झिंगू म्हणाला, "माय शांत झाली आता, मले काय गरज?"

"लाव," रीना म्हणाली. त्यानं पणती खाली ठेवली आणि लावला.

माफी कोणी मागितली नाही. एवढी माणसं येऊन गेली, पण तेवढं एक कोणाला जमलं नाही. अंगण रिकामं झालं. मैना कुंपणात तशीच बसून होती, मांडीवर पिल्लं घेऊन, त्यांच्यावर तोंडाची वाफ सोडत. आचल दारात उभी राहून रडत होती.

रीना आपल्या चुलीशी गेली. घमेल्यात निखारे ओढले, वर राख पसरली आणि घमेलं तट्ट्याच्या फटीत नेऊन ठेवलं.

"पिल्लांसाठी आहे," ती म्हणाली. "तुह्यासाठी नाई. तू मेली तरी तुह्या दारात मी आता पाय नाई ठेवणार."

मैना उठली. तिनं पदर हाताला गुंडाळला, घमेलं उचललं. "रीना," ती म्हणाली.

"जाय. निखारे इझतेत."

मैना गेली. रीना ओट्यावर आली. आतल्या पांढऱ्या उजेडात तिनं आपला तळहात उलटापालटा करून पाहिला. एक फोडही नव्हता. आणि फोड आला नाही एवढ्यासाठीच आज गाव तिला मारायला निघालं होतं. मग मात्र ती तिथंच, खवले सांडलेल्या ओट्यावर बसली आणि मोठ्यानं रडली.